डाव्या हाताची मूठ

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे, कारण मारून उपयोग नव्हता. माझे वडील, आप्पा, सोलापुरातल्या एका कापडमिलमध्ये साचेखात्यात फिटर होते. साचेखातं म्हणजे जिथं माग चालतात ते खातं. तिथं शेकडो माग एकदम धडधडतात आणि शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. तीस वर्षं तिथं काढून आप्पा रिटायर झाले ते कान तिथंच ठेवून. पण त्यांचं काही अडत नसे. साचेखात्यातली माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात, आणि आम्ही सगळी घरात तशीच बोलायला शिकलो होतो.

तळवा खाली केला की ‘सोड’. तळवा वर केला की ‘उचल’. करंगळी हलवली की ‘अगदी जरासं’. छातीवर तळवा ठेवला की ‘चूक माझी’. आणि मूठ वर गेली की ‘थांब’. ही शेवटची खूण आप्पांनी मला आधी शिकवली, अक्षरं नंतर. मूठ दिसली की हातातलं काम जिथं असेल तिथं सोडायचं, का म्हणून विचारायचं नाही. मिलमध्ये एकदा कुणीतरी मूठ बघायला चुकला आणि आप्पांच्या जोडीदाराचा पंजा गेला होता. तेव्हापासून त्यांचं एक बोलणं ठरलेलं असायचं, “माझ्या हातून कुणाला इजा झाली ना, त्या दिवशी पाना खाली ठेवीन. परत शिवणार न्हाय.” आप्पा बोलल्याप्रमाणे वागणारे होते, हीच तर आमची सगळ्यांची पंचाईत होती.

रिटायर झाल्यावर माणसानं देवळात जावं, पेपर वाचावा. आमच्या आप्पांनी मोटार आणली. मिलच्या एका साहेबांची जुनी विलायती गाडी गोदामामागं पडून होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, गोल दिव्यांची. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. साहेब पुण्याला कायमचे निघाले तेव्हा आप्पांना म्हणाले, ने, नाहीतर भंगारात जाईल. ती बैलगाडीला बांधून आमच्या अंगणात आली. सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी तेव्हा विशीत होते, मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला जात होते.

तीन वर्षं ती गाडी आमच्या अंगणात खोलून पडली होती. माझा थोरला भाऊ वैतागून जायचा. त्याला आम्ही दादा म्हणतो. तो ऑफिसात कारकून, कपडे पांढरे, आणि रोज सायकल काढताना कुठंतरी ग्रीसचा डाग लागायचाच. आप्पांना मदत करायला राहिले कोण, तर मी. माझे हात बारीक, अरुंद जागेत जायचे, आणि मला ते आवडायचं हे कशाला लपवू. झडपा घासल्या, पिस्टनच्या कड्या बसवल्या, आतली पांढऱ्या धातूची बेअरिंगं आप्पांनी स्वतः खरवडून खरवडून जुळवली. शाईचा हात लावायचा, दांडा फिरवायचा, कुठं शाई उठली ते बघायचं, तिथंच खरवडायचं. असं महिनाभर. शेवटी इंजिन तयार होऊन फळीवर बसलं आणि आप्पा त्याच्यावर रोज जुनं धोतर झाकायला लागले.

ते इंजिन गाडीत परत बसवायचं तेवढं राहिलं होतं. दादानं मुदत दिली, संक्रांतीच्या आत. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला अक्कलकोटकडचे पाहुणे यायचे, ते अंगणात झोपायचे. “इंजिन बसवायला गॅरेजवाला बोलावू,” दादा म्हणाला, “दोन तासांत बसवून जाईल.” आप्पांनी त्याचे ओठ वाचले की नाही कळलं नाही, कारण ते काही बोललेच नाहीत. मी खुणेनं सांगितलं तेव्हा म्हणाले, “परक्याचा हात लागला तर त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावतो. इंजिन मी उतरवलंय, मीच बसवणार.”

इथं मला एक सांगायला हवं, ते मी फार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यापासून आप्पा बोलण्याला उत्तर देईनासे झाले होते. समोर बसून बोललं तरी भलतंच काही म्हणायचे, नाहीतर नुसतं हसायचे. अव्वा, माझी आई, म्हणायची की कान पारच गेले आता. दादाही तेच म्हणायचा. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातले तेच म्हणायचे. सगळं घर आप्पांच्या कानांची काळजी करत बसलं. पण कान तर आधीच गेले होते, आणखी कुठं जाणार? हा साधा विचार कुणाला सुचला नाही. मलाही सुचला तो अगदी इंजिन बसवायच्या दिवशी सकाळी.

मी अंगणाच्या त्या टोकाला उभी होते. आप्पा चहा पीत होते. मी उगाच विचारलं, ओठ नीट हलवून, “आप्पा, पाना कुठं ठेवलाय?” ते माझ्याकडंच बघत होते आणि तरी काही कळलं नाही. मी दोन पावलं पुढं आले, परत विचारलं. काही नाही. हातभर अंतरावर आल्यावर ते म्हणाले, “पाना व्हय? त्या डब्यात.” कान नव्हे, डोळे गेले होते. ओठ दिसत नव्हते त्यांना. आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. लपवत होते.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. माझं तोंड फाटकं म्हणून अव्वानं मला आयुष्यभर बोल लावले. पण बोलले असते तर दादानं गॅरेजवाला आणला असता, आप्पांनी भंगारवाला, आणि पुढं आप्पांनी काय करायचं होतं, भिंतीकडं बघत बसायचं? मी मनात हिशेब केला. साखळीपाशी ते उभे राहणार, इंजिनापाशी मी. मधे अंतर दोन हात. दोन हातांवर मूठ दिसेल. ओठ बारीक असतात, मूठ केवढी मोठी असते. असं मी स्वतःला समजावलं आणि पदर खोचला.

अंगणात लोखंडी पाइपांचं तीन पायांचं तिकाटणं उभं केलं होतं. त्याला साखळीची कप्पी टांगलेली, कप्पीच्या आकड्याला इंजिन. साखळी ओढली की इंजिन जरा जरा खाली येतं. काम ऐकायला सोपं आहे. इंजिन वरून उतरवायचं आणि मागं सरकवायचं. गाडीतच राहिलेल्या गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या मागच्या क्लचमध्ये दात्याला दात लागून शिरला पाहिजे. तो शिरला की इंजिनाचे पुढचे दोन पाय चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर येतात, पायाखाली रबराची गादी असते. गादी सरकते, म्हणून कुणीतरी ती हातानं धरून ठेवायची. ती मी धरणार होते.

अव्वा ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. दादा ऑफिसला गेला होता. शेजारच्यांचे माग चालू होते, त्यामुळं मी ओरडले असते तर मलाच ऐकू आलं नसतं. आप्पांनी साखळी हातात घेतली, कपाळाला लावली आणि माझ्याकडं पाहिलं. मी तळवा खाली केला. सोड.

इंजिन हललं. आप्पांचे ओठही हलत होते. जिवाला घोर असला की ते कानडीत मोजायचे, वंद, यरड, मूर. मी डाव्या हातानं खुणा करत होते, उजवा आत होता, गादीवर. सोड, सोड, जरासं. सगळं बरोबर चाललं होतं. आप्पा प्रत्येक खुणेला थांबत होते, सोडत होते. मला हायसं वाटलं. मला काय माहीत, ते खुणा बघत नव्हते, इंजिनाच्या वजनावरून आणि तीस वर्षांच्या अंदाजानं चालले होते.

मग दांडा अडला. दाते जुळले नाहीत. इंजिन दांड्याच्या टोकावर टेकून तिरकं राहिलं, पुढचे पाय चासीच्या दोन बोटं वर. अशा वेळी साखळी सोडायची नसते, कारण इंजिन अडलेलं असतं आणि सोडलेली साखळी नुसती सैल पडते. मग ते सुटलं की धाडकन येतं. मी मूठ वर केली.

साखळी खळखळतच राहिली. मी मूठ आणखी वर केली, डोक्याच्या वर. आप्पा माझ्याकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे हात चालूच होते. साखळी हलकी लागली तेव्हा त्यांना वाटलं इंजिन बसलं, आता शेवटचं सोडून द्यावं. आणि मी काय केलं? मी उजवा हात बाहेर काढायला हवा होता. एका क्षणाचं काम होतं. पण मूठ वर गेली की सगळं थांबतं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की मी मूठ वर करून वाट बघत राहिले. दुसऱ्या कुठल्याही घरातली मुलगी हात काढून मोकळी झाली असती. मी फिटरची मुलगी, मूठ वर करून उभी राहिले.

दांडा सुटला, दाते जुळले, इंजिन आपल्या जागी आलं. माझ्या करंगळीशेजारच्या बोटावर.

आधी दुखलं नाही. गार वाटलं. मग अव्वा सूप टाकून धावली, ज्वारी सगळ्या अंगणात, आणि तिनं आप्पांचं मनगट धरलं. त्यांना काय झालं तेच कळेना. तिनं त्यांचा हात उलट्या दिशेला ओढला तेव्हा ते साखळी वर ओढायला लागले. कप्पीची साखळी हातभर ओढावी तेव्हा इंजिन केसभर उठतं. मी मोजत होते. काहीतरी मोजायला हवं होतं. बोट सुटलं तेव्हा मी खाली बसले आणि मला आठवतं, मी गादी नीट आहे का ते पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी वरचं पेर काढलं. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. मी हाताला पांढरं गाठोडं बांधून बाहेर आले तेव्हा ते उठले, माझ्या अगदी जवळ आले, आणि विचारलं, “तू मूठ केली हुतीस?”

अव्वा माझ्या शेजारी उभी होती. तिनं ओसरीवरून सगळं पाहिलं होतं. आप्पांचा चेहरा बघितला आणि मला ते पाना खाली ठेवीन म्हणायचे ते आठवलं. ते ठेवणार होते. तिथल्या तिथंच ठेवून टाकला होता मनात, फक्त माझ्या ‘हो’ची वाट होती. मी मान हलवली, नाही. बाकापाशी अंधार होता, ती त्यांना दिसली नसावी. म्हणून मी त्यांचा हात घेतला आणि त्यांचा तळवा माझ्या छातीवर ठेवला. चूक माझी. विसरले.

त्यांनी तळवा काढून घेतला. मग म्हणाले, “मूठ करायला विसरलीस? एवढं शिकवून?” आणि त्यांच्या आवाजात राग होता, अगदी खराखुरा राग, आणि मला इतकं बरं वाटलं की मी रडले. लोकांना वाटलं बोटासाठी रडतेय.

दादानं संध्याकाळी आकाशपाताळ एक केलं. मी त्याला सांगितलं, इंजिन आप्पाच बसवणार आणि तू मधे बोललास तर मी जेवणार नाही. आठ दिवसांनी आप्पांनी परत साखळी धरली. या वेळी मी अव्वाला आप्पांच्या मागं उभं केलं, हात त्यांच्या खांद्यावर. मी खूण करायची, अव्वानं ती बघायची आणि खांद्यावर थाप मारायची. थाप म्हणजे सोड, दाबलं की थांब. आप्पांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. अव्वाला म्हणाले, “पोरगी वेंधळी हाय. तू हायस ते बरं हाय.” अव्वानं माझ्याकडं पाहिलं. मी करंगळी हलवली, जरासं सोड.

इंजिन बसलं. संक्रांतीच्या चार दिवस आधी ते चालू झालं. आप्पांनी बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले, कान लावल्यासारखे, आणि सांगितलं की तिसरा सिलेंडर जरा आळशी आहे. तो होताच. पाहुणे आले तेव्हा गाडी अंगणाबाहेर रस्त्यावर उभी होती आणि आप्पा प्रत्येकाला ती दाखवत होते.

आणि माझं बोटही दाखवत होते. हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. येईल त्याला सांगायचे, आमची पोरगी हुशार, पण खूण करायची विसरली बघा. शेजारी, पाहुणे, दूधवाला. मी तोंड शिवून उभी. टायपिंगच्या परीक्षेला मी नऊ बोटांनी बसले आणि पास झाले, तेही त्यांनी असंच सांगितलं, विसराळू आहे तरी पास झाली. दोन वर्षांनी मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामानं माझ्या हाताकडं बघून विचारलं, हे काय? दादानं आप्पांजवळ जाऊन प्रश्न खुणेनं पोचवला. आप्पा म्हणाले, “तिचाच वेंधळेपणा. कामात ध्यान नव्हतं.” माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला आणि मागं जाऊन सगळी भांडी राखेनं घासली, घासलेलीसुद्धा. तिकडून नकार आला. मुलाचं मला काही वाटलं नाही, पण आप्पांचा त्या दिवशी राग आला, इतका की आठवडाभर मी त्यांच्याशी हातानंही बोलले नाही. त्यांना ते कळलंच नसेल.

अव्वा एकदा पीठ मळता मळता म्हणाली, “सांगून टाक की. लई झालं.” मी म्हटलं, तू सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे. कारण आप्पा अजून रोज पाना हातात घेत होते. हातानं चाचपून नट ओळखायचे, फाटके पट्टे बदलायचे, शेजारच्यांचे माग दुरुस्त करून द्यायचे. तेवढं चाललं होतं.

शेवटी डोळ्यांनी स्वतःच सांगितलं. आप्पा दिवसाढवळ्या पाण्याच्या हौदाला धडकले आणि कपाळ फुटलं, मग लपवायला काही राहिलं नाही. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पिकून पांढरा झालेला. एका शिबिरात ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग काही महिन्यांनी दुसरा. जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून आप्पा घरी आले तेव्हा पहिले दोन दिवस नुसते बघत होते. भिंतीच्या भेगा, अव्वाचे पिकलेले केस, गाडीचा रंग. रंग सगळा ओघळला आहे आणि कुणी सांगितलं नाही म्हणून चिडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात बोलावलं. बॉनेट काढून ठेवलं होतं. साखळी धरून ते जिथं उभे होते तिथं ते उभे राहिले, आणि मला माझ्या जागेकडं बोट दाखवलं. मी उभी राहिले. “मूठ कर,” म्हणाले. मी उजवी मूठ वर केली.

“ती न्हाय. उजवा हात आत हुता त्या दिवशी. डावी कर.”

मी डावी मूठ वर केली. आप्पा चष्म्यातून बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, तसंच बघितलं. परत लावला. परत काढला. मी हात खाली घेतला नाही. ओसरीवरून अव्वा म्हणाली, “केली हुती तिनं. डोक्याच्या वर केली हुती.” तिनं शपथ मोडली होती, पण आप्पांची तिच्याकडं पाठ होती, त्यांना काही कळलं नाही. त्यांना तिची गरजही नव्हती. त्यांनी चष्मा लावला, तळवा छातीवर ठेवला आणि तो तिथंच राहिला.

मग मी भांडले. मला कुणी विचारलं तर सांगते, आयुष्यात एवढी कुणाशी भांडले नाही. दिसत नव्हतं तर बोलायला काय झालं होतं, मला काय गाडी बापापेक्षा मोठी होती, अख्ख्या गावाला माझं बोट दाखवत फिरलात, त्या मुलाच्या मामापुढं सुद्धा, तुमच्या त्या पान्यासाठी मी तीन वर्षं खाली मुंडी घालून ऐकून घेतलं. सगळं बोलले. आवाज फुटला होता आणि शेजारचे माग चालू होते, त्यामुळं मला माझंच धड ऐकू येत नव्हतं. आप्पा दोन हातांवर उभे होते, छातीवर हात, आणि माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाले, “त्या मामाचं काय म्हणालीस, ते परत सांग. तेवढं नीट दिसलं न्हाय.”

मी परत सांगितलं.